मोटरहोम सात मीटरची की सहा मीटरची? रस्त्याच्या शेवटच्या चार किलोमीटरवरून ठरवा

तुमच्या प्रश्नातून मला समजलं ते असं. तुम्ही ठाण्यात कासारवडवलीला राहता. घरात चौघं: तुम्ही दोघं, दहा वर्षांची मुलगी आणि गुडघ्यांचा त्रास असलेल्या आई. आधी रेवस ते रेड्डी सागरी मार्गाने कोकण, मग एक-दोन वर्षांत हिमाचलमधलं स्पिती असा बेत आहे. गाडीची बॉडी बांधून देणाऱ्या बिल्डरने फोर्स ट्रॅव्हलर व्हॅनच्या ४०२० व्हीलबेसवर (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, मिलिमीटरमध्ये) जवळजवळ सात मीटरची मोटरहोम, म्हणजे राहण्या-झोपण्याची सोय असलेली गाडी, सुचवली आहे आणि 'चौघांना ऐसपैस' हे तुम्हाला पटलंय. ३३५० व्हीलबेसची, सहा मीटरच्या आसपासची, 'अडचणीची होईल' अशी भीती वाटते.

माझं स्पष्ट मत: ३३५० घ्या. सात मीटरची गाडी हायवेवर आणि रिसॉर्टच्या आवारात सुखाची असते. तुम्हाला जायचंय ते केळशी, वेळास, आंजर्ल्याला. तिथे गाडीची परीक्षा मुंबई–गोवा हायवेवर होत नाही, हायवे सोडल्यानंतरच्या शेवटच्या चार किलोमीटरमध्ये होते. बिल्डर गाडी आतून दाखवतो. तुम्ही ती आधी बाहेरून बघा.

सगळे लांबीबद्दल विचारतात. प्रत्यक्षात त्रास होतो तो मागच्या चाकांच्या मागे लोंबणाऱ्या भागाचा. नियमाप्रमाणे हा भाग व्हीलबेसच्या ६० टक्क्यांपर्यंत असू शकतो, म्हणजे ४०२० ला २.४ मीटरपर्यंत. तिथेच बिल्डर सायकलचा स्टँड लावतो, स्टेपनी टांगतो, खाली सांडपाण्याची टाकी बसवतो.

याचा अर्थ काय, ते सागरी मार्गावर कळतं. उत्तरेकडून निघालात की आगरदांडा–दिघी, बागमांडला–वेसवी, दाभोळ–धोपावे आणि तवसाळ–जयगड अशा चार खाड्या जंगल जेट्टीने, म्हणजे गाड्या वाहून नेणाऱ्या फेरीबोटीने, ओलांडाव्या लागतात. भरतीला बोटीची फळी जेट्टीच्या उताराशी जवळजवळ सरळ रेषेत येते आणि गाडी सहज चढते. ओहोटीला बोट खाली जाते. तुम्ही उतारावरून खाली येता आणि पुढची चाकं फळीवर वर चढायला लागतात, म्हणजे मधे खोलगट 'व्ही' तयार होतो. पुढची चाकं वर उचलली गेली की मागचा लोंबता भाग काँक्रीटला टेकतो. बागमांडल्याला माझ्या पुढे अशी एक लांब गाडी होती. बोटीवरच्या पोरांनी मागच्या चाकांखाली लाकडी ठोकळे दिले, तरी सांडपाण्याच्या टाकीचा नळ घासून तुटलाच. ड्रायव्हर चांगला होता, सावकाश नेत होता. गाडीची घडणच तशी होती. छोट्या व्हीलबेसच्या गाडीतही हे पूर्ण टळत नाही, पण लोंबता भाग कमी असल्यामुळे बरंच हातात राहतं. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं तेव्हा ओहोटीही खोल जाते. त्या दिवसांत जेट्टीवर भरतीच्या वेळा विचारूनच निघा. आणि बिल्डरला सांगा की टाकी दोन चाकांच्या मधे, चॅसिसच्या दांड्यांच्या आत बसव.

आता रुंदी. दापोली-गुहागरच्या गावांत दोन्ही बाजूंना जांभ्याचे गडगे, मधून एका गाडीचा रस्ता आणि वरून फणसाची फांदी नाहीतर विजेची तार. माझा ठोकताळा असा की जिथे मुक्कामाची एसटी जाते तिथे रुंदी आणि उंचीची काळजी करू नका. पण एसटीची चाकं मोठी असतात आणि पोट उंच असतं, त्यामुळे एसटी गेली म्हणून आपलं पोट घासणार नाही असं समजू नका. एसटी जिथे थांबते त्याच्या पुढे पायी जाऊन रस्ता बघायचा आणि गाडी उलटी वळवायला जागा आहे का तेही बघायचं. सहा मीटरची गाडी देवळासमोरच्या अंगणात दोन-तीनदा मागे-पुढे करून वळते. सातची गाडी घेऊन अर्धा किलोमीटर रिव्हर्स यावं लागतं, आणि तोवर मागे गावातल्या रिक्षा अडकलेल्या असतात. रस्ता त्यांचा आहे, आपण पाहुणे आहोत, हे आकार ठरवतानाच धरून चाला.

उंचीचा प्रश्न कोकणाआधी तुमच्या सोसायटीतच येईल. या गाड्या अडीच मीटरच्या वर असतात. त्यावर हवेची झडप, सोलर पॅनेल आणि एसी चढवला की आणखी वीतभर वाढ. आपल्याकडच्या बहुतेक स्टिल्ट पार्किंगमध्ये त्या मावत नाहीत. टेप घेऊन जा आणि स्लॅबपर्यंत मोजू नका, स्प्रिंकलरच्या पाइपाच्या खालच्या कडेपर्यंत मोजा. गाडी उघड्यावरच उभी करावी लागणार असेल तर कमिटीकडून जागा आधी लेखी घ्या. नवी मुंबईतल्या नव्या इमारतींतही पोडियमच्या रॅम्पवरचा बीम हाच अडसर असतो.

मग सहा मीटरमध्ये चौघं झोपणार कसे? या गाड्या बाहेरून दोन मीटरच्या आसपास रुंद. दोन्ही भिंतींचं इन्सुलेशन आणि पॅनेल वजा करता आत पावणेदोन मीटरच्या आसपास उरतात. साडेपाच फुटांपेक्षा उंच माणूस आडवा झोपला की पाय दुमडावे लागतात. म्हणून तुमचा दोघांचा पलंग मागे लांबीत घ्या. मुलगी अजून चार-पाच वर्षं आडवी सहज झोपेल. आईंसाठी दाराजवळच्या जेवणाच्या टेबलाचा बिछाना करा, म्हणजे रात्री उठून टॉयलेटला जाताना कोणाला ओलांडावं लागणार नाही. बिल्डरकडून आतली मापं घ्या, सोसायटीच्या पार्किंगमध्ये खडूने खऱ्या मापात आखा आणि एक अख्खी संध्याकाळ चौघं त्या रेघांच्या आत वावरा. स्वयंपाकाच्या ओट्यासमोर कोणी उभं असताना दुसरा मागे जाऊ शकतो का, हे तेव्हाच कळेल.

पायरीबद्दल एक सांगायचंय, कारण आईंचा प्रश्न आहे. बिल्डर बटणावर बाहेर येणारी पायरी सुचवतो. ती आत घेतली तरी गाडीच्या पोटाखाली लोंबते आणि जेट्टीवर, दगडांवर पहिली तीच मोडते. त्यापेक्षा दोन पायऱ्यांचा सुटा, रुंद ॲल्युमिनियमचा स्टूल आणि दाराच्या दोन्ही बाजूंना भक्कम दांडा लावा. टाटा विंगरची फरशी खाली असते, आईंना ती नक्कीच सोपी जाईल. पण तिची पुढची चाकं ओढतात. मागे संसार भरून ओल्या चढावर गेलात की पुढचं वजन हलकं होतं आणि चाकं जागच्या जागी फिरतात. फक्त डांबरी रस्त्यांवर फिरणार असाल तर विंगरचा जरूर विचार करा. स्पितीसाठी नाही.

खरा आकार वजनात असतो, आणि सात मीटर नको म्हणण्याचं माझं मोठं कारण तेच आहे. जागा मिळाली की ती भरते. १८ मिमी प्लायची आठ बाय चारची एक शीट तीस किलोच्या वर जाते, अशा सहा-सात शीट फर्निचरमध्ये कधी जिरतात ते कळत नाही. ९ किंवा १२ मिमीचा आग्रह धरा आणि सांगाडा ॲल्युमिनियमचा करायला सांगा. पाणी एका लिटरला एक किलो. अंघोळ सोडून माणशी रोज १५ लिटर धरले तर चौघांचे दोन दिवसांचे १२० लिटर, म्हणजे १२० किलो. १५० अँपिअर-अवरच्या दोन ट्युब्युलर बॅटऱ्या मिळून शंभर किलोच्या वर, तेवढंच काम करणाऱ्या लिथियमच्या बॅटऱ्या त्याच्या तिसऱ्या हिश्श्यात. यात चार माणसं, गॅस, भांडी, अंथरुणं मिळवा.

गाडी तयार झाली की पाणी आणि डिझेल पूर्ण भरून, सगळ्यांना बसवून काट्यावर न्या. कळंबोलीच्या स्टील मार्केटजवळ वजनकाटे आहेत. आधी पुढची चाकं, मग मागची, मग पूर्ण गाडी, अशा तीन पावत्या घ्या. एकूण वजन मर्यादेत पण मागचा एक्सल मर्यादेबाहेर, असं लांब गाड्यांत सर्रास होतं. स्प्रिंगचे पाटे वाढवून गाडी वर उचलता येते, पण त्याने एक्सलची आणि ब्रेकची ताकद वाढत नाही. आंबेनळी किंवा वरंधा घाट भरल्या गाडीने उतरताना हे पायाखाली जाणवतं.

एसीसाठी मोठी गाडी घ्यायची, हा विचारही सोडा. एक टनाचा एसी तासाला साधारण एक युनिट घेतो. १२ व्होल्टच्या १०० अँपिअर-अवरच्या लिथियम बॅटरीत सव्वा युनिट मावतं. टपावरचं ४०० वॅटचं सोलर चांगल्या उन्हात दिवसभरात दीड-दोन युनिट देतं. म्हणजे मे महिन्यात गुहागरला रात्रभर एसी चालवायचा तर होमस्टेवाल्याकडूनच वीज घ्यावी लागणार, मग गाडी कितीही लांब असो. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत जा, दोन चांगले पंखे आणि खिडक्यांना जाळ्या लावा, मस्त झोप लागते.

पावसाळ्याबाबत मात्र मोठ्या गाडीची बाजू खरी आहे, हे मान्य केलं पाहिजे. छोट्या गाडीचं अंगण म्हणजे बाहेर काढलेलं छत. सतत पाऊस असेल तर चौघांना आतच बसावं लागतं आणि ओले कपडे वाळत नाहीत. यावर माझा उपाय एवढाच की जुलै-ऑगस्टमध्ये गाडीत सलग मुक्काम करू नका, एक रात्र गाडीत आणि एक होमस्टेत. टॉयलेटच्या कॅसेटचंही, म्हणजे खालून काढून रिकामी करायच्या टाकीचंही, तेच. ती साधारण वीस लिटरची, चौघांनी सगळ्या कामांना वापरली तर दोन दिवस पुरत नाही. ती रात्रीपुरती आईंसाठी ठेवा आणि होमस्टेच्या संडासातच रिकामी करा, ओढ्यात कधीच नाही.

कागदपत्रांचं थोडक्यात. साधी प्रवासी व्हॅन घेऊन कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्ये पलंग-ओटा बसवून घेऊ नका. मोटर वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ रचनेत बदल चालत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये तेच ठामपणे सांगितलंय. मोटर कॅराव्हॅनसाठी, म्हणजे मोटरहोमसाठी, एआयएस-१२४ हे वेगळं मानक आहे. त्याखाली मंजुरी असलेल्या बिल्डरकडूनच बनवा आणि आरसी बुकावर गाडीचा प्रकार तसाच लागला आहे ना, ते ठाणे आरटीओत पासिंग होताना बघा. स्वतःच्या वापरासाठीची कॅम्पर व्हॅन खासगी वाहनांत मोडते. लायसन्सची चिंता नको, ७५०० किलोपर्यंत तुमचं नेहमीचं एलएमव्ही (हलक्या मोटर वाहनाचं) लायसन्स चालतं.

ॲडव्हान्स देण्याआधी भाड्याने एक कॅराव्हॅन घेऊन आगरदांडा, दिघी, हरिहरेश्वर, वेसवी, केळशी अशी फेरी करा. आईंना बरोबर न्याच. त्यांना रात्री दोनदा उठून खाली-वर करता आलं तर पुढचं सगळं जमेल.

स्पिती पहिल्या वर्षी नको. दुसऱ्या वर्षी जाल तेव्हा शिमला–किन्नौरच्या बाजूने चढा, उंची हळूहळू वाढते आणि आईंना ते सोसेल. किन्नौरमध्ये काही ठिकाणी रस्ता कडा कोरून काढलाय, खडक रस्त्यावर छतासारखा झुकलेला आहे. तिथे टपावरचा एसी नसल्याचं समाधान वाटेल, आणि डाव्या हाताला खडक असेल तर गाडी रस्त्याच्या मधोमधच ठेवा. कुंझुमची खिंड उतरून बातल–छतरूमार्गे मनालीकडे यायचं असेल तर लोसरहून पहाटेच निघा. दुपारी बर्फ वितळून नाल्यांचं पाणी वाढतं. सहा मीटरची गाडी सकाळी जो नाला चाकं भिजवून ओलांडते, तिथे संध्याकाळी ट्रकसुद्धा थांबलेले असतात.