जिप्सीचे पाटे काढून कॉइल स्प्रिंग बसवून घ्यावी का?

तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न एकात एक अडकलेत. तुम्ही घोडबंदर रोडला राहता, २०१४ची वापरलेली जिप्सी घेतलीत, महिन्यातून एक-दोनदा मुरबाड, कर्जतकडच्या कच्च्या रस्त्यांवर जाता. आणि एका गॅरेजवाल्याने सांगितलंय की चारही पाटे (पोलादी पट्ट्या एकावर एक रचलेल्या स्प्रिंग) काढून कॉइल (गुंडाळलेल्या तारेची स्प्रिंग) टाकून देतो, गाडी लोण्यासारखी चालेल. यातला एक प्रश्न म्हणजे पाटा चांगला की कॉइल. दुसरा म्हणजे पाट्याच्या गाडीला कॉइल लावावी का. पहिल्याचं माझं उत्तर आहे कॉइल. दुसऱ्याचं, अजिबात नाही.

माझ्या काकांचं कळंबोलीत ट्रकच्या पाट्यांचं काम होतं. कॉलेजच्या सुट्ट्यांमध्ये मी तिथे यू-बोल्ट आवळले आहेत. गेली अकरा वर्षं माझ्याकडे जिप्सी आहे आणि घरात बहिणीची जिम्नीही आहे, मारुतीचीच पण कॉइलवाली. दोन्ही मीच चालवतो, दोन्हीच्या खाली मीच शिरतो.

सगळ्यात आधी एक गोष्ट लक्षात घ्या. पाटा ही नुसती स्प्रिंग नाही. टोकाचा एक डोळा (वळवलेलं भोक) चॅसिसच्या, म्हणजे गाडीच्या सांगाड्याच्या, हँगरला पिनने अडकवलेला, दुसरा डोळा शॅकल नावाच्या कडीवर झुलता, आणि मधोमध यू-बोल्टने एक्सल (डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा आडवा दांडा) आवळलेला. म्हणजे वजन पेलायचं कामही पाट्याचं आणि एक्सलला पुढे-मागे, डावी-उजवीकडे सरकू न देण्याचं कामही त्याचंच. कॉइलला फक्त वर-खाली कळतं. पाटे काढलेत की एक्सलला धरून ठेवणारं काहीच उरत नाही. म्हणून कॉइलच्या गाडीत वेगळे आर्म लागतात. जिम्नीच्या खाली वाकून बघा: दोन्ही एक्सलना प्रत्येकी दोन लांब आर्म आणि एक आडवा रॉड आहे. तो आडवा रॉड नसेल तर एक्सल बाजूला सरकेल. त्या आर्मची टोकं चॅसिसवर नेमकी कुठे बसतात, यावर ब्रेक मारल्यावर गाडीचं नाक किती दबेल, स्टिअरिंग सरळ धरेल की थरथरेल, चढावर मागचा एक्सल पिळला जाईल का, हे सगळं ठरतं. कंपनी ते काम वर्षानुवर्षं चाचण्या घेऊन करते. गॅरेजमध्ये ते आठवड्याभरात कटर आणि वेल्डिंगने होतं. जिप्सीच्या चॅसिसवर ज्या जागी कधी ताण आला नव्हता तिथे ब्रॅकेट चिकटवायचं आणि मग पूर्ण ब्रेकचा धक्का त्याच्यावर सोडायचा, हे मला पटत नाही. वेल्डिंगच्या कडेला बारीक चीर पडते आणि ती चिखलाखाली दिसत नाही.

शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे. कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत असा बदल परस्पर करता येत नाही, आणि अपघात झाला तर विम्याच्या दाव्यात हाच मुद्दा पुढे येऊ शकतो.

आता पहिला प्रश्न. कॉइल चांगली का? कारण पाट्यांच्या थरांमध्ये घर्षण असतं. ट्रकला ते उपयोगी पडतं, उसळी मारलेली गाडी लवकर शांत होते. पण हलक्या गाडीत छोट्या खड्ड्याला पाटा जागचा हलतच नाही, धक्का थेट सीटपर्यंत येतो. गायमुखच्या घाटात किंवा भिवंडी बायपासवर तुम्हाला जे जाणवतं ते हेच. माझी आई जिप्सीत मागे बसली की ठाणे येईपर्यंत दोन वेळा गाडी थांबवायला सांगते. जिम्नीत झोपते. कच्च्या रस्त्यावर फरक आणखी मोठा. एक चाक घळीत आणि दुसरं दगडावर असताना घळीतलं चाक जितकं खाली उतरेल तितकी पकड टिकते. चाक हवेत लटकलं की साध्या डिफरन्शियलमध्ये (दोन चाकांत ताकद वाटणाऱ्या गिअरमध्ये) सगळी ताकद त्या लटकत्या चाकाकडे जाते आणि गाडी तिथेच उभी राहते. कॉइलला ही खाली-वर हालचाल सहज जमते. अर्थात जिम्नी जिथून निघते तिथून जिप्सी निघत नाही, याचं सगळं श्रेय कॉइलला देऊ नका. घसरणाऱ्या चाकाला जिम्नी स्वतःच ब्रेक लावते आणि ताकद दुसऱ्या चाकाकडे वळवते. जिप्सीत तसं काही नाही.

जग कुठल्या दिशेने गेलं हेही पाहा. रेंज रोव्हर १९७० साली कॉइलवरच आली. लँड रोव्हरच्या कामाच्या गाडीने १९८३च्या वन टेनपासून पाटे सोडले. आपल्याकडे २०१०च्या थारला मागे पाटे होते, २०२०च्या थारला मागे कॉइल आहे. जिप्सी १९८५ पासून शेवटपर्यंत पाट्यांवर राहिली, जिम्नी २०२३ मध्ये कॉइल घेऊन आली. पाटे उरले ते जिथे वजन वाहायचंय तिथे: ट्रक, पिकअप, हायलक्स, व्ही-क्रॉस. पाटा वजन चॅसिसवर दोन ठिकाणी वाटतो, कॉइल एकाच ठिकाणी टेकते. तुम्ही गाडीत रोज माल भरणार असता तर मी पाट्याच्याच बाजूने बोललो असतो.

आणि पाट्याची दुसरी बाजू मी स्वतः अनुभवली आहे. चार वर्षांपूर्वी श्रावणात वैशाखऱ्याहून परतताना मागचा डावा मेन पाटा, म्हणजे डोळे असलेली सगळ्यात वरची पट्टी, पुढच्या डोळ्यापाशी तुटला. कडाड आवाज झाला आणि गाडी खेकड्यासारखी तिरकी चालायला लागली, कारण त्या बाजूचा एक्सल मागे सरकला होता. खालच्या पाट्यांनी वजन धरलं होतं, पण एक्सलला पुढे ओढून ठेवणारा डोळाच गेला होता. जॅक लावला, हँगरपासून एक्सलपर्यंत साखळी बांधली, पट्ट्याने ताणली आणि चालत्या माणसाच्या वेगाने मुरबाड गाठलं. तिथल्या ट्रकच्या पाटेवाल्याने त्याच रुंदीचा एक जुना पाटा काढला, भट्टीत तापवून डोळा वळवला, आणि संध्याकाळी आम्ही कल्याणमार्गे घरी होतो. तो कायमचा इलाज नव्हे. तसं तापवलं की पोलादाचं पाणी उतरतं. पुढच्याच आठवड्यात मी नवा मेन पाटा टाकला. पण जिम्नीची कॉइल मुरबाडच्या भट्टीत बनत नाही. कॉइल तुटली तर गाडी त्या कोपऱ्यावर बसते, मात्र आर्म शाबूत असल्यामुळे एक्सल जागेवर राहतो आणि हळूहळू घरी येता येतं, हेही सांगितलं पाहिजे. दोन्हींच्या तुटण्यातला हा फरक मला आरामापेक्षा महत्त्वाचा वाटतो.

तर तुमच्या जिप्सीचं काय करायचं? चारही पाट्यांचे जुडगे उतरवून उघडा. माझी खात्री आहे की तिथेच तुमचं अर्धं दुखणं सापडेल. आपल्याकडे खाडीची दमट हवा आणि चार महिने पाऊस, पाट्यांच्या मध्ये गंज धरतो, फुगतो आणि पाटे एकमेकांना चिकटतात. मग सगळा जुडगा एकाच जाड पट्टीसारखा वागायला लागतो. प्रत्येक पाटा तारेच्या ब्रशने घासून घ्या, टोकांची धार घासून गोल करा, चीर दिसली तर तो पाटा बाद. टोकांशी नायलॉनचे तुकडे मिळाले तर बसवा. ग्राफाइट ग्रीस लावलंत तर पातळ लावा, जाड थर धूळ ओढतो. जुडगा मधोमध धरणारा सेंटर बोल्ट नवा टाका, त्याची किंमत काहीच नसते आणि तो तुटला की एक्सल पाट्यावरून सरकतो. डोळ्यांचे आणि शॅकलचे बुश (आतली रबरी नळी) बदला. शॅकल जाम झालेली असेल तर तुमचा पाटा लांब होऊच शकत नाही, मग तो कितीही चांगला असला तरी गाडी दगडासारखीच चालणार.

"एक पाटा वाढवून घ्या, गाडी उंच होईल" असं कोणी सांगेल. ऐकू नका. गाडी उंच होईल, पण स्प्रिंग कडक होईल आणि चाक खाली उतरणं कमी होईल, म्हणजे ज्यासाठी उंची हवी होती तेच जाईल. पाट्याची जाडी दुप्पट केली की कडकपणा आठपट होतो. कॉइलमध्ये तर तारेची जाडी चौथ्या घाताने मोजली जाते: १२ मिलिमीटरच्या जागी १३ मिलिमीटरची तार, बाकी सगळं तेच, तरी कॉइल सुमारे ३८ टक्के जास्त कडक. उद्या जिम्नी घेतलीत आणि कोणी 'हेवी ड्यूटी' कॉइल दाखवली तर हा आकडा आठवा. तसंच एक्सलखालचे पाटे एक्सलवर चढवून चार-पाच इंच उंची मिळवायचा जुना प्रकार आहे. त्यात जोर लावला की पाटा इंग्रजी एस अक्षरासारखा पिळतो आणि स्टिअरिंगचा रॉड वेड्या कोनात जातो. तुमच्या वापराला त्याची गरज नाही.

हे सगळं करून, चांगले शॉकअप टाकूनही घरच्यांना गाडी सोसवत नसेल, तर जिप्सी आहे तशी एखाद्या शौकिनाला द्या आणि कॉइलवरच जन्मलेली गाडी घ्या. नाणेघाटाच्या पायथ्यापर्यंत दोन्ही जातात.

पाटे परत चढवताना यू-बोल्ट जुने वापरू नका, एकदा ताणलेला बोल्ट पुन्हा नीट धरत नाही. गाडीचं वजन चाकांवर टेकल्यावरच शॅकलचे नट शेवटचे आवळा, नाहीतर बुश पिळलेल्या अवस्थेत अडकतात आणि लवकर फाटतात. आणि पाचशे किलोमीटर झाले की टॉर्क रेंच घेऊन सगळे यू-बोल्ट पुन्हा तपासा. जुडगा बसला की ते हमखास सैल झालेले असतात.