सोनोग्राफी नॉर्मल, तरी बायोप्सी का?

प्रश्न : वय ४८. हाताला गाठ लागत नाही, काही दुखतही नाही. नेहमीच्या तपासणीतल्या मॅमोग्राफीत डाव्या स्तनात ‘सूक्ष्म कॅल्सिफिकेशनचा पुंजका, बायरॅड्स ४ए’ असं आलं. सोनोग्राफी नॉर्मल आहे. डॉक्टर बायोप्सी करा म्हणतात. घरचे म्हणतात, सुई टोचली की कॅन्सर पसरतो, सहा महिने थांबून बघू. काय करू?

उत्तर : थांबू नका, बायोप्सी करून घ्या. बायरॅड्स म्हणजे मॅमोग्राफीच्या निकालाला दिलेली श्रेणी. सहा महिन्यांनी पुन्हा फोटो काढायचा सल्ला ‘बायरॅड्स ३’ आलेल्यांसाठी असतो. त्यात कॅन्सरची शक्यता २ टक्क्यांच्या वर जात नाही. ४एमध्ये ती २ ते १० टक्के धरतात. म्हणजे दहातल्या नऊ जणींना तरी काही निघत नाही, एवढा धीर नक्की धरा.

सोनोग्राफीवर मात्र विसंबू नका. कॅल्सिफिकेशन म्हणजे साचलेल्या कॅल्शियमचे कण. तुमच्यासारखे सूक्ष्म कण अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही लहान असतात आणि सोनोग्राफीत पुष्कळदा दिसतच नाहीत. मॅमोग्राफीत त्यांचा आकार कळतो. जाड, पॉपकॉर्नसारखे कण जुन्या साध्या गाठीतले, निरुपद्रवी. बारीक, वेडेवाकडे, फाटे फुटल्यासारखे एका रेषेत दिसले, तर ते दुधाच्या नलिकेत साचलेले असू शकतात आणि तिथेच शंका येते.

सोनोग्राफीत जागा दिसत नाही, म्हणून तुमची बायोप्सी मॅमोग्राफीच्या मदतीने, ‘स्टिरिओटॅक्टिक’ पद्धतीने होईल. जागा बधिर करून, काही मिलिमीटरची चीर देऊन जाड सुईने तुकडे काढतात. बारीक सुईची एफएनएसी इथे पुरत नाही : तिच्यात सुट्या पेशीच येतात, त्यामुळे रोग नलिकेतच आहे की बाहेर पडलाय हे सांगता येत नाही. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी सांगा. आपल्या मनाने बंद करू नका.

एक गोष्ट आवर्जून विचारा : काढलेल्या तुकड्यांचा एक्स-रे काढला का, आणि त्यात कण दिसले का? कणच आले नसतील, तर पुढे ‘कॅन्सर नाही’ असा रिपोर्ट आला तरी त्याला अर्थ नाही. बायोप्सी पुन्हा करावी लागते. त्या जागी धातूची बारीकशी क्लिप ठेवतात. पुढे शस्त्रक्रिया लागलीच, तर नेमकी जागा तिच्यावरून सापडते.

रिपोर्टमध्ये ‘एटिपिकल डक्टल हायपरप्लेसिया’ (नलिकेतल्या पेशींची जास्तीची, वेगळी दिसणारी वाढ) असेल, तर तो कॅन्सर नव्हे. तरीही तेवढा भाग काढायला बहुधा सांगतात, कारण सुईतून आलेला तुकडा लहान असतो आणि शेजारी अधिक काही दडलेलं असू शकतं.

घरच्यांची भीती समजते, पण बायोप्सीच्या सुईमुळे आजार बळावतो असं दिसून आलेलं नाही. निदान न करता थेट ऑपरेशन केलं, तर मात्र कडेला रोग राहून दुसऱ्यांदा टेबलावर जायची वेळ येऊ शकते.

प्रश्न : माझ्या रिपोर्टवर ‘बायरॅड्स ०’ आहे. म्हणजे दोष नाही ना?

उत्तर : तसं नाही. शून्य म्हणजे निकाल अपुरा. जुने मॅमोग्राम असतील तर त्याच केंद्रात नेऊन द्या. कधी कधी नुसत्या तुलनेवरच प्रश्न मिटतो. नाहीतर त्या जागेचे मोठे करून फोटो आणि सोनोग्राफी लागते. जाताना काखेत डिओडरंट किंवा पावडर लावू नका, तिचे कण फोटोत कॅल्शियमसारखे दिसू शकतात.