सहकारी एखादा शब्द चुकीचा उच्चारत असेल, तर त्याला नेमके काय म्हणायचे आहे हे कसे ओळखावे?

शब्द सोडून वस्तू विचारावी, हे माझे उत्तर आहे. मला ते फार उशिरा कळले.

डिप्लोमा संपवून मी भोसरीतील एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये नुकताच लागलो होतो. एका रात्रपाळीत कन्व्हेअर बंद पडला आणि सोलापूरकडचे एक वयस्कर फिटर खिडकीशी येऊन म्हणाले, "साहेब, प्लंबर ब्लॉक द्या, पंचेचाळीसच्या शाफ्टचा." मी नळाच्या सामानाच्या रॅकवरून एल्बो, टी, युनियन असे एकेक काढून दाखवत राहिलो आणि ते प्रत्येक वेळी "त्ये न्हवं, साहेब" एवढेच म्हणत राहिले. शेवटी ते निघून गेले आणि ग्रीसने माखलेले, तडकलेले बिडाचे झाकण घेऊन परतले. त्यावर ओतीव अक्षरांत 'एसएन ५१०' असे होते. त्यांना प्लमर ब्लॉक हवा होता, म्हणजे बेअरिंगचे दोन भागांचे हाउसिंग, आणि तो माझ्या पाठीमागच्याच रॅकवर होता. "पाचशेदहातले शेवटचे दहा घ्या, दहा पाचे पन्नास मिलिमीटर बेअरिंगचं भोक, मधे स्लीव्ह घातली की शाफ्ट पंचेचाळीस," हा हिशेबही त्यांनीच मला उभ्याउभ्या शिकवला.

सकाळी उशिराचे कारण कळताच आमचे अधिकारी सर्वांसमोर म्हणाले, की ज्याला शब्द धड बोलता येत नाही त्याला काम काय येणार. सगळे हसले. मीही हसलो, आणि तेच मला आजही डाचते. हे अधिकारी स्वतः दिवसभर 'पगार', 'चावी', 'बिजागरी' म्हणत असत. हे सगळे पोर्तुगीज शब्द, पैकी मूळच्या 'बिझाग्रा'ची बिजागरी तर आपल्याच तोंडी झाली. फिटरच्या कानाने अनोळखी 'प्लमर'ऐवजी ओळखीचा 'प्लंबर' धरला, यात वेगळे काय घडले?

तेव्हा तोच शब्द पुन्हा म्हणायला लावू नका, कारण माणूस तो फक्त अधिक मोठ्याने म्हणतो. वस्तू कुठे बसते, तिच्यावाचून काय अडते हे विचारा. जुना नमुना मिळाला तर उत्तमच. चूक चारचौघांत मुळीच सुधारू नये. इश्यू स्लिपवर योग्य शब्द लिहून द्यावा, ज्याला वाचायचा तो वाचतो.

अर्थात क्रेनखाली हे लागू नाही. तिथे क्रेनचालकाला द्यायच्या हाकांत 'आरिया' म्हणजे खाली आणि 'हाबेस' म्हणजे वर, आणि यांत घोटाळा करणाऱ्याला जागच्या जागी, सर्वांदेखत थांबवलेच पाहिजे. शिवाय आपला प्रश्न कचेरीतील असेल, तर नमुना मागण्याचा माझा उपाय फारसा कामाचा नाही, हेही मान्य करतो.

पुढे स्टोअर माझ्याकडे आल्यावर मी संगणकातील नोंदीत 'प्लमर ब्लॉक'च्या शेजारी 'प्लंबर ब्लॉक' हेही नाव घातले. अशाने अशुद्ध शब्द रूढ होतो, अशी हरकत त्याच अधिकाऱ्यांनी घेतली. मी ती नोंद काढली नाही.