फाशी हवी की नको: नाशिकच्याच एका फाइलीवरून

तुझा प्रश्न थोडक्यात असा: कॉलेज रोडवरच्या मेणबत्ती मोर्चात सगळे ‘फाशी द्या’ म्हणून ओरडत असताना तू ‘आधी खटला तर चालू दे’ म्हणालीस आणि मैत्रिणींनी दोन दिवस अबोला धरला. आता लॉ कॉलेजच्या वादविवादासाठी तुला दोन्ही बाजूंचे मुद्दे हवेत, आणि ‘काका, तुमचं स्वतःचं मत काय’ हेही विचारलंयस.

मी वकील नाही. सत्र न्यायालयात ३१ वर्षं लघुलेखक होतो. साहेब सांगत, मी उतरवून टाइप करत असे. त्यामुळे तत्त्वज्ञान माझ्याकडे कमी आणि कागद जास्त.

मोर्चातल्या लोकांना मूर्ख समजू नकोस. त्यांचा पहिला मुद्दा सरळ आहे: काही कृत्यं अशी असतात की ती करणाऱ्याने आयुष्यभर सरकारी भाकरी खावी हे मनाला पटत नाही. सोनईचं प्रकरण आठव. जानेवारी २०१३, आंतरजातीय प्रेमाच्या संशयावरून तीन दलित तरुणांची हत्या. खटला नगरहून आपल्या नाशिकला हलवला आणि जानेवारी २०१८ मध्ये इथल्या सत्र न्यायालयाने सहा जणांना फाशी सुनावली. त्या दिवशी कोर्टाबाहेर सीबीएस बसस्थानकाच्या रस्त्यावर ज्यांचे डोळे भरून आले त्यांना सूड हवा होता असं म्हणणं अन्याय ठरेल. आपल्या माणसाच्या जिवाची किंमत कोणीतरी पूर्ण मोजली, असं त्यांना आयुष्यात पहिल्यांदा वाटलं असेल. फाशीच्या विरोधात बोलणाऱ्याने आधी या माणसांसमोर उभं राहून बोलता आलं पाहिजे. मला ते आजही जड जातं.

दुसरा मुद्दा जन्मठेपेचा. ‘१४ वर्षांनी बाहेर येतो’ हे वाक्य तुला चहाच्या टपरीवरही ऐकू येईल. ते चूक आहे. जन्मठेप म्हणजे कायद्याने उरलेलं सगळं आयुष्य. खुनासारख्या गुन्ह्यात शिक्षेत सूट द्यायची झाली तरी किमान १४ वर्षं प्रत्यक्ष तुरुंगात काढावी लागतात, एवढाच त्या १४ चा अर्थ. पण सूट सरकार देतं आणि सरकारवर लोकांचा भरवसा नाही, म्हणून भीती खरी आहे. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने श्रद्धानंद प्रकरणात यावर वाट काढली: फाशीऐवजी अशी जन्मठेप की जिच्यात सूट नाही. २०१५ मध्ये घटनापीठाने ती वाट कायम केली. वादविवादात समोरचा ‘मग सोडून द्यायचं का?’ म्हणाला की हे सांग. बहुतेकांना माहीत नसतं.

जरब बसते, हा तिसरा मुद्दा मला कधीच पटला नाही. माझ्यासमोर आलेल्या आरोपींपैकी एकानेही कलम बघून हात उचललेला नव्हता. काही दारूत होते, काही रागात, आणि बाकीच्यांना आपण सापडणारच नाही याची खात्री होती. फाशी आहे की नाही याने फरक पडत नाही, पकडले जाऊ की नाही याने पडतो. शिवाय बारा वर्षांखालील मुलीवरच्या बलात्काराला २०१८ पासून फाशी आहे; तिथे आरोपी बहुतेक वेळा ओळखीचा, कित्येकदा घरातला असतो. पोरीचा सख्खा काका फासावर जाणार म्हटल्यावर तक्रार द्यायला आजी तिला पोलीस ठाण्यात नेईल का, एवढं विचार.

आता फाइलीकडे येतो.

५ जून २००३ च्या रात्री नाशिकजवळच्या एका मळ्यातल्या घरावर दरोडा पडला. एकाच घरात पाच मुडदे पडले, बायकांवर अत्याचार झाले. काही दिवस जिल्ह्यात लोक रात्री मळ्यात झोपायला घाबरत होते. पोलिसांवर दबाव किती असेल, विचार कर. भटक्या जमातीतले सहा गरीब मजूर पकडले गेले. ओळख परेड झाली, खटला उभा राहिला. २००६ मध्ये इथल्या सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम केली आणि तिघांना जन्मठेप दिली. सरकार त्या तिघांविरुद्ध वर गेलं आणि २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सहाही जणांना फाशी सुनावली. म्हणजे तीन पायऱ्या झाल्या, आणि दोषी कोण यावर एकाही पायरीला शंका आली नाही.

मग फेरविचारात २००९ चा निकाल मागे घेऊन अपिलं नव्याने ऐकली गेली आणि ५ मार्च २०१९ रोजी त्याच सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडलं. कारण वाच: त्या रात्रीतून वाचलेल्या बाईला घटनेनंतर लगेच रेकॉर्डवरच्या गुन्हेगारांचे फोटो दाखवले होते. तिने त्यातून चार जण ओळखले होते. ते चौघं वेगळेच. त्यांच्यामागे कोणी गेलंच नाही. न्यायालयाने सहा जणांना प्रत्येकी ५ लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं आणि तपास करणाऱ्यांवर कारवाईचा आदेश दिला. सहा जणांची १६ वर्षं तुरुंगात गेली होती, त्यातली बहुतेक फाशीच्या छायेत. त्यातला एक गुन्ह्याच्या वेळी अठराचाही नव्हता, हे मध्येच कधीतरी उघड झालं.

तो खटला माझ्या कोर्टात नव्हता, पण २००६ मध्ये मी नाशिकचा निकाल वाचून ‘बरोबर झालं’ म्हटलं होतं. घरी जेवताना, बायकोसमोर. २०१९ मध्ये ते वाक्य मला शब्दश: आठवलं.

माझं मत तिथून बदललं. कृत्य जितकं भयंकर तितकी सगळ्यांना घाई: पोलिसांना आरोपी हवा असतो, पेपरला फोटो हवा असतो, वकील संघ आरोपीचं वकीलपत्र घ्यायचं नाही म्हणून ठराव करतो. नेमक्या त्याच खटल्यात पुरावा सर्वांत थंड डोक्याने तपासायला हवा, आणि तिथेच तो तसा तपासला जाण्याची शक्यता सर्वांत कमी.

सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये बचनसिंग प्रकरणात फाशीसाठी ‘दुर्मिळातील दुर्मिळ’ची कसोटी घातली. गुन्हा बघा आणि गुन्हेगारही बघा, सुधारणेचा मार्ग खरंच बंद झालाय का ते तपासा. कागदावर उत्तम. मी नाशिकला बदलून येण्याआधी ज्या जिल्ह्यात होतो तिथली एक शिक्षेच्या मुद्द्यावरची सुनावणी सांगतो. साहेबांनी विचारलं, ‘शिक्षेबद्दल काय म्हणायचंय?’ आरोपी म्हणाला, ‘घरी म्हातारी आई हाय साहेब.’ त्याचा मोफत विधी साहाय्याचा वकील उठला, ‘दया दाखवावी’ म्हणाला आणि बसला. माझ्या वहीत चार ओळी झाल्या. माणूस जगावा की मरावा याची चौकशी चार ओळींत! आता मे २०२२ पासून मानसोपचार अहवाल, तुरुंगातल्या वागणुकीचा अहवाल, घरची परिस्थिती हे सगळं मागवायचं असा आदेश आहे. किती ठिकाणी मनापासून पाळतात, ते तू वकील झालीस की बघशील.

आणि फासाच्या दोरीपर्यंत पोहोचतात कोण? दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाने २०१६ मध्ये देशभरातल्या फाशीच्या कैद्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात सुमारे तीन चतुर्थांश कैदी आर्थिकदृष्ट्या दुबळे निघाले. पैसेवाल्याला पहिल्या दिवसापासून चांगला वकील मिळतो, त्याची फाइल मुळात त्या वाटेला लागत नाही.

उशिराचा मुद्दा दोन्ही बाजूंनी वापरता येईल. लहान मुलांना पळवून मारणाऱ्या गावित बहिणींना २००१ मध्ये फाशी सुनावली गेली, सर्वोच्च न्यायालयाने ती २००६ मध्ये कायम केली, राष्ट्रपतींनी दयेचा अर्ज २०१४ मध्ये फेटाळला, आणि जानेवारी २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने सरकारी दिरंगाईमुळे फाशीची जन्मठेप केली. तुझ्या मैत्रिणी म्हणतील, मग लवकर द्या ना. द्या की, पण नाशिकच्या सहा जणांना लवकर दिली असती तर २०१९ चा निकाल कोणाला वाचून दाखवला असता? २००४ पासून देशात प्रत्यक्ष फाशी झाली ती आठ जणांना. २०२३ अखेर फाशीच्या छायेत होते साडेपाचशेहून जास्त.

जाता जाता एक. आपल्या गावात फाशी या शब्दाला दुसरा अर्थही आहे. कलेक्टर जॅक्सनला २१ डिसेंबर १९०९ रोजी विजयानंद नाट्यगृहात गोळ्या घालणारा अनंत कान्हेरे जेमतेम सतरा-अठरा वर्षांचा होता. कर्वे आणि देशपांडे या साथीदारांसह त्याला १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिली. आज त्याच्या नावाच्या मैदानावर पोरं क्रिकेट खेळतात. सरकार कोणाचं, यावर फासावर गेलेला माणूस कोण ठरतो. हा मुद्दा स्पर्धेत वापरलास तर टाळ्या पडतील, पण परीक्षक वकील असतील तर जपून. खुनाच्या खटल्याशी त्याची तुलना लगेच कोसळते.

बाबासाहेबांनी १९४९ मध्ये संविधान सभेत फाशीच रद्द करण्याकडे आपला कल असल्याचं सांगितलं होतं. विधी आयोगाने १९६७ मध्ये फाशी ठेवा म्हटलं आणि २०१५ मध्ये दहशतवाद व देशाविरुद्धचं युद्ध सोडून बाकी ठिकाणी काढा म्हटलं. दोन्ही बाजूंना एकेक अहवाल मिळाला, वाटून घ्या.

माझं मत विचारलंस म्हणून: फाशी नको, बिनसुटीची जन्मठेप हवी. कसाबच्या वेळी मी काय म्हणालो होतो ते विचारू नकोस, तेव्हा मी पेढे खाल्ले होते.

आणि स्पर्धेआधी एक दिवस सत्र न्यायालयात जाऊन बस. दोषी ठरल्यानंतर शिक्षेच्या मुद्द्यावर सुनावणी कधी लागलीय ते बोर्डावर बघ. ओळखपत्र बरोबर ठेव, मोबाइल बंद कर, मागच्या बाकावर बस आणि ती सुनावणी किती मिनिटं चालते ते घड्याळात बघून मला इथे कळव.