संग्रहाचं कोल्ट की नेमबाजीचं रुगर? सात वर्षांनी पुण्याला परतणाऱ्याचा हिशेब

डॅलसजवळ राहणाऱ्या एका वाचकांचं पत्र आलं आहे. वय ४१, सॉफ्टवेअरमधली नोकरी, गेल्या वर्षी नवरा-बायको दोघांनाही ग्रीन कार्ड, मुलगी नऊ वर्षांची. ४०१(के) या निवृत्ती-बचत खात्यात कंपनीचा पूर्ण वाटा मिळेल इतकी रक्कम जाते, चार महिन्यांचा खर्च बाजूला आहे, गाडीच्या कर्जाचे ४,००० डॉलर राहिलेत आणि त्यावर ६.९ टक्के व्याज. बोनसचे कर जाऊन ६,००० डॉलर हातात आले आहेत. त्यांना एका विक्रेत्याकडचं १९६०च्या दशकातलं कोल्ट सिंगल ॲक्शन आर्मी रिव्हॉल्व्हर ३,२०० डॉलरला घ्यायचं आहे. त्यानंच क्लबात काउबॉय नेमबाजी करायची आणि सात वर्षांनी पुण्याला परतताना नफ्यात विकायचं, असा बेत. वहिनींचं म्हणणं आहे की पैसे मुलीच्या ५२९ खात्यात, म्हणजे शिक्षणासाठीच्या करसवलतीच्या बचत खात्यात टाका.

नमस्कार. आधी उत्तर, मग कारणं. कोल्ट घेऊ नका. रुगर कंपनीचं व्हकेरो हे रिव्हॉल्व्हर घ्या, .३५७ या काडतुसाचं, आणि तो पैसा शौकावर खर्च झाला असं मनाशी पक्कं धरा. उरलेल्या पैशाचं खाली सांगतो. तिथं वहिनींचा मुद्दा अर्धा बरोबर आहे.

तुमच्या बेतात एकाच वस्तूकडून दोन कामं मागितली आहेत, आणि ती एकमेकांच्या मुळावर येतात. कोल्टनं हे रिव्हॉल्व्हर १८७३ मध्ये आणलं, दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास बंद केलं आणि टीव्हीवरच्या काउबॉय मालिकांनी मागणी वाढवली तेव्हा १९५६ मध्ये पुन्हा सुरू केलं. १९७४ पर्यंतच्या या मालाला शौकीन ‘सेकंड जनरेशन’ म्हणतात. तुम्हाला दाखवलेला नग त्यातलाच. याला चांगली किंमत येते ती मूळ अवस्थेला. नग हातात घ्याल तेव्हा सिलिंडरकडे, म्हणजे काडतुसं भरायच्या फिरत्या भागाकडे, नीट बघा. खाचांच्या रेषेत गोल फिरणारी एक बारीक चकाकती रेघ दिसेल. सिलिंडर जितका फिरतो तितकी ती ठळक होते. रेघ जवळपास नाही, चौकटीवरचे ढगांसारखे निळे-तपकिरी रंग अजून गडद आहेत, स्क्रूच्या खाचा धारदार आहेत आणि त्याच क्रमांकाचा मूळ खोका सोबत आहे, असा नग संग्राहक उचलतो. तुम्ही दर महिन्याला क्लबात शंभर काडतुसं उडवणार, म्हणजे ज्या गोष्टीचे ३,२०० मोजले तीच तुम्ही स्वतःच्या हातानं झिजवणार. आणि झिजलं म्हणून कुणाकडून पॉलिश करून पुन्हा निळं करून घेतलंत, तर संग्राहकाच्या लेखी ते गेलंच.

समजा, तुम्ही ते कपाटात ठेवलं, एकही काडतूस उडवलं नाही. तरीही गणित अवघड आहे. सात वर्षांनी लिलावात किंवा दुकानात ठेवून विकताना पंधरा टक्के कमिशन गेलं असं धरू. मग नुसते आपले ३,२०० परत यायलाच ३,७६५ ला विकलं जावं लागेल. तेच पैसे इंडेक्स फंडात वर्षाला सात टक्क्यांनी वाढले असं गृहीत धरलं, तर सात वर्षांत साधारण ५,१४० होतात. कोल्टनं तेवढे हातात द्यायचे, तर ते ६,०५० च्या आसपास विकलं जायला हवं, म्हणजे वर्षाला साडेनऊ टक्क्यांची वाढ, सलग सात वर्षं. शिवाय संग्रहाच्या वस्तूंवरच्या दीर्घकालीन नफ्याला २८ टक्क्यांपर्यंत केंद्रीय कर लागू शकतो, फंडाला तुमच्या उत्पन्नात बहुधा १५. तोटा झाला, तर शौकासाठी वापरलेल्या वस्तूचा तोटा करात वजा करता येत नाही.

मला जास्त काळजी वाटते ती गिऱ्हाइकाची. त्या मालिका बघत वाढलेली पिढी या रिव्हॉल्व्हरची सगळ्यात मोठी ग्राहक आहे, आणि ती आता सत्तरीत-ऐंशीत आहे. त्यांचे संग्रह वारसांकडे जातील, आणि बरेच वारस ते विकायला काढतील. तुम्ही नेमके त्याच काळात विकायला उभे राहणार. शेरीफ पॅट गॅरेटनं ज्यानं बिली द किड या कुख्यात गुन्हेगाराला मारलं ते कोल्ट २०२१ मध्ये लिलावात साठ लाख डॉलरच्या वर गेलं, हे विक्रेता तुम्हाला नक्की सांगेल. ती किंमत त्या एका रात्रीच्या इतिहासाची होती. तुमच्यासमोरच्या नगाला असा इतिहास नाही.

आता नेमबाजीकडे. सिंगल ॲक्शन म्हणजे दर वेळी अंगठ्यानं घोडा मागे ओढायचा, मगच चाप. क्लबातल्या काउबॉय स्पर्धांना, म्हणजे सिंगल ॲक्शन शूटिंग सोसायटीच्या नियमांनी चालणाऱ्या सामन्यांना, अशी दोन रिव्हॉल्व्हरं लागतात, एक नव्हे. शिवाय पिस्तुलाचंच काडतूस खाणारी लिव्हर-ॲक्शन रायफल, जुन्या धाटणीची शॉटगन, चामड्याचा पट्टा आणि होल्स्टर. सगळं नवं घेतलं तर ३,५०० ते ४,००० डॉलर सहज. हा आकडा तुमच्या पत्रात कुठेच नाही, आणि माझ्या दृष्टीनं खरा निर्णय याचाच आहे.

म्हणून काही विकत घेण्याआधी दोन सामने नुसते बघायला जा. या क्लबांतली मंडळी मनानं फार मोकळी असतात, नवख्याच्या हातात स्वतःच्या बंदुका देतात, शेजारी उभं राहून शिकवतात.

घ्यायचंच ठरलं तर .४५ कोल्ट या काडतुसाचं रिव्हॉल्व्हर टाळा, नावाची कितीही भुरळ पडली तरी. एका सामन्यात रिव्हॉल्व्हर आणि रायफल मिळून शंभर-सव्वाशे काडतुसं जातात. .३८ स्पेशल हे काडतूस साधारण पन्नास सेंटला एक धरा, .४५ कोल्ट ऐंशी-नव्वद सेंटला. वर्षाला बारा सामने म्हटले तर फरक चारशे-पाचशे डॉलरचा पडतो. दोन वर्षांत एका रुगरची किंमत. .३५७ च्या व्हकेरोत .३८ स्पेशल बिनदिक्कत चालतं, म्हणून ते सांगितलं. नवं ९०० च्या आसपास मिळेल, वापरलेलं त्याहून खाली.

इटलीतल्या उबेर्टीची कोल्टसारखी हुबेहूब रिव्हॉल्व्हरं ६०० ते ७०० ला येतात आणि दिसायला ती रुगरहून देखणी. कोल्टचा घोडा मागे ओढताना चार वेळा टक-टक होतं, तसंच त्यांतही होतं. व्हकेरोत ते सुख नाही. तरीही मी रुगरकडे झुकतो. त्यातल्या स्प्रिंगा वेटोळ्याच्या आहेत, कोल्टच्या पट्टीच्या स्प्रिंगांसारख्या सहसा तुटत नाहीत. आणि रुगरनं १९७३ पासून आत ट्रान्सफर बार बसवला आहे. चाप पूर्ण ओढल्याशिवाय घोड्याचा मार काडतुसापर्यंत पोचतच नाही. जुन्या कोल्टमध्ये घोड्याचं टोक थेट काडतुसावर टेकतं, हातातून पडलं तर उडू शकतं. म्हणून जाणकार त्यात पाचच काडतुसं भरतात आणि घोडा रिकाम्या घरावर टेकवतात. घरात नऊ वर्षांची मुलगी आहे, तिथं मी हा फरक पैशातही मोजत नाही.

त्याच कारणानं तिजोरी बंदुकीआधी घरात यायला हवी. टेक्ससमध्ये निष्काळजीपणे ठेवलेली भरलेली बंदूक सतरा वर्षांखालच्या मुलाच्या हाती लागली, तर तो ठेवणाऱ्याचा गुन्हा ठरतो. तिजोरीचा नंबर फक्त तुम्हा दोघांकडे ठेवा. दर उन्हाळ्यात आई-बाबा व्हिजिटर व्हिसावर येतात असं तुम्ही लिहिलंय. केंद्रीय कायद्यानं नॉन-इमिग्रंट व्हिसावरच्या माणसाला, शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद सोडले, तर बंदूक किंवा काडतुसं बाळगता येत नाहीत. बाबांना हौसेनं रेंजवर नेऊन दोन गोळ्या झाडायला देऊ नका. एच-वनबीवरच्या मित्रांनाही नाही. घराच्या विम्यातली चोरीची मर्यादाही बघा; बऱ्याच पॉलिसींत सगळ्या बंदुका मिळून २,५०० डॉलरच देतात. रुगर त्यात बसतं, कोल्ट बसलं नसतं.

६,००० ची वाटणी मी अशी करेन. रुगर विक्रीकर धरून ९७५, तिजोरी, कानांची-डोळ्यांची साधनं आणि प्रशिक्षण मिळून ५००, पहिल्या सहा महिन्यांची काडतुसं आणि प्रवेश शुल्क ५००. हे झाले दोन हजार. दुसरं रिव्हॉल्व्हर, रायफल आणि शॉटगन वर्षभर क्लबातल्यांची वापरा. उरलेल्या चार हजारांत गाडीचं कर्ज आजच फेडा. ६.९ टक्क्यांची खात्रीची कमाई कोल्ट देणार नाही, फंडही देणार नाही.

वहिनींना सांगा, मुलीसाठी पैसा बाजूला पडायला हवा हे अगदी खरं. पण ५२९ मधला पैसा कॉलेजसाठी करमुक्त काढायचा, तर तो अमेरिकन सरकारच्या विद्यार्थी-मदतीला पात्र संस्थेतच खर्च व्हावा लागतो, आणि भारतातल्या फार थोड्या संस्था त्या यादीत आहेत. मुलगी पुण्यात शिकली तर नफ्यावर कर आणि वर दहा टक्के दंड. तुम्ही परतणार हे पक्कं असेल, तर गाडीचा हप्ता सुटेल ती रक्कम दर महिन्याला दोघांच्या नावच्या साध्या खात्यात, इंडेक्स फंडात टाका. परतणं डळमळीत असेल तर निम्मी ५२९ मध्ये.

परतायच्या सहा महिने आधी रुगर परवानाधारक विक्रेत्याकडे विकायला द्या. बिल आणि खोका जपून ठेवा. सामानात टाकून भारतात नेण्याचा विचारही नको, परवान्याशिवाय ते आपल्या शस्त्र कायद्यात गुन्हा आहे. दुसऱ्या राज्यातल्या मित्राला द्यायचं असेल, तर तेही परवानाधारक विक्रेत्यामार्फतच जायला हवं. पाच-सहाशे परत आले, तर सात वर्षांच्या शौकाचं रिव्हॉल्व्हर तुम्हाला वर्षाला साठ डॉलरच्या आतबाहेर पडलेलं असेल.