रोझरीत डोळा लागतो, काय करू?

प्रश्न: मी वसईचा, वय ४६. फर्स्ट शिफ्ट असते, पहाटे ४ ला उठून लोकल पकडतो. रात्री घरी रोझरीला (जपमाळेच्या प्रार्थनेला) बसलो की दुसऱ्या रहस्यालाच, म्हणजे येशू-मरीयेच्या आयुष्यातल्या पाचांपैकी दुसऱ्या प्रसंगालाच डोळा लागतो. पोरं खुसुखुसू हसतात, बायको म्हणते पोरांपुढं हेच उदाहरण ठेवणार का? चारचौघांत प्रार्थना बोलायची म्हटली तर माझी जीभच अडखळते. माझी भक्ती कमी पडते का?

उत्तर: भाऊ, पत्र वाचून आधी हसू आलं, माफ करा. पण लगेच मरीयेचा नवरा, येशूला वाढवणारा बाप संत योसेफच आठवला, कारण झोपेचं आणि गप्प बसण्याचं म्हणाल तर तो तुमच्याच पंगतीतला.

बायबलमधली येशूच्या चरित्राची चारही पुस्तकं, म्हणजे शुभवर्तमानं चाळा, योसेफाच्या तोंडचा एक शब्द सापडणार नाही. त्यातलं एक लिहिणारा मत्तय सांगतो की त्याला ४ वेळा सूचना मिळाली आणि चारही वेळा स्वप्नात, म्हणजे गडी झोपलेलाच. पण पुढचं बघा ना, पहिल्या स्वप्नानंतर तो उठला आणि मरीयेला घरी आणलं, मूल आपलं नाही हे पक्कं माहीत असून त्याचं येशू हे नाव त्यानेच ठेवलं, नाव ठेवलं म्हणजे बापपण अंगावर घेतलं. दुसऱ्या वेळी हेरोद राजा बाळाच्या जिवावर उठलेला, तर हा सकाळचीही वाट न बघता रात्रीच उठून आई-बाळाला घेऊन इजिप्तला निघाला. काही भाषण नाही, तक्रार नाही. मला त्याच्या गोष्टीत ‘उठला’ हा शब्दच सगळ्यात मोठा वाटतो, आणि तुम्ही रोज पहाटे ४ ला कोणासाठी उठता हे मी सांगायला नको.

पोप फ्रान्सिस यांच्याकडेही झोपलेल्या योसेफाची मूर्ती होती. २०१५ च्या जानेवारीत मनिलाला त्यांनीच सांगितलं होतं की काही अडचण आली की ते चिठ्ठी लिहून त्या मूर्तीखाली सरकवतात.

आता थोडं तुमच्या बायकोच्या बाजूनं बोलतो, रागावू नका. आपल्याकडे बरेच बाप ‘मी कमावतो ना’ म्हणून प्रार्थना, मुलांचा अभ्यास, मुलांची दुखणी सगळं तिच्यावर टाकतात आणि त्यालाच शांत स्वभाव म्हणतात. योसेफ तसा गप्प नव्हता. दरवर्षी वल्हांडण या यहुदी सणाला आईबाप दोघंही यरुशलेमला जायचे, आणि १२ वर्षांचा येशू मागे राहिला तेव्हा दोघंही उलटे फिरले, तिसऱ्या दिवशी मंदिरात सापडला. तिथेही बोलली मरीयाच, पण काय म्हणाली, तुझा बाप आणि मी किती घोर लावून तुला शोधत होतो. म्हणजे शोधायला तो होताच.

आणि गंमत सांगू का, आनंदाच्या रहस्यांत (वारानुसार पाच-पाच रहस्यांचे गट बदलतात, त्यातला हा एक) योसेफ खरा दिसतो तो तिसऱ्यापासून, येशूचा जन्म, मंदिरातलं समर्पण आणि हे सापडणं. म्हणजे तुमचा डोळा लागतो नेमकं तिथूनच त्याची ड्युटी सुरू होते! तर असं करा, शनिवारी आनंदाचीच रहस्यं असतात, रविवारी सुट्टी असेल तर शनिवारी दुपारी थोडं पडून घ्या आणि पाचवं रहस्य तुम्ही सांगा. अडखळलात तर अडखळलात. पोरांना एवढंच सांगा की एक बाप ३ दिवस पोराला शोधत होता. बाकीच्या दिवशी पेंगलात तर बायकोला म्हणावं, कोपराने ढोसत जा.