कच्चं हेम्प तेल, हळदीचं दूध आणि 44 चा हिशेब

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे नंतर येणाऱ्यांना संदर्भ लागेल. कोलोरॅडोत आईच्या गुडघ्यांसाठी 30 मिलीची 'रॉ हेम्प' तेलाची, म्हणजे भांगेच्याच जातीच्या पण नशा जवळजवळ नसलेल्या झाडाच्या न तापवलेल्या तेलाची, बाटली घेतलीत. त्यावर सीबीडीए 900 मिलिग्रॅम, सीबीडी (हेम्पमधलं नशा न आणणारं द्रव्य) फक्त 60. तुम्हाला हवं होतं सीबीडी, मग दुकानदाराने फसवलं का? आणि आई ते गरम हळदीच्या दुधातून घेते, ते चालेल का?

फसवलेलं नाही. हेम्पचं झाड सीबीडी बनवतच नाही म्हटलं तरी चालेल. ते बनवतं सीबीडीए. शेवटचा 'ए' म्हणजे ॲसिड. सीबीडीच्या रेणूला एक कार्बोक्झिल गट चिकटलेला असतो, तो उष्णतेने सुटतो आणि कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जातो. मागे राहतं ते सीबीडी. खाण्याचा सोडा तापवला की त्यातूनही हाच वायू निघतो, तेव्हा कल्पना काही परकी नाही. म्हणजे तुमची बाटली 'रॉ' आहे हे लेबल खरंच सांगतंय.

आता हिशेब. सीबीडीएचा रेणूभार साधारण 358, सीबीडीचा 314. मधले 44 म्हणजे उडून गेलेला वायू. 314 ला 358 ने भागलं की 0.877 येतात, आणि लॅबच्या रिपोर्टवर 'टोटल सीबीडी' असतं ते याच आकड्याने काढलेलं. तुमच्या बाटलीत 900 गुणिले 0.877, अधिक 60, म्हणजे सगळं तापून बदललं तर जास्तीत जास्त 849 मिलिग्रॅम. 960 होणार नाहीत. उरलेले 111 मिलिग्रॅम वजनाला किरकोळ वाटतात, पण वायू म्हणून ते जवळजवळ 60 मिली भरतात, बाटलीच्या दुप्पट! म्हणून बंद बाटली गरम पाण्यात वगैरे ठेवून 'ॲक्टिव्हेट' करायचे प्रयोग कृपया करू नका.

मी काही वर्षं एका तपासणी लॅबमध्ये होतो. तिथे एक गिऱ्हाईक दोन रिपोर्ट घेऊन तावातावाने आलं होतं. नमुना एकच. आमच्या रिपोर्टात सीबीडीए भरपूर, दुसऱ्या लॅबच्या रिपोर्टात शून्य आणि सगळं सीबीडी. खोटं कोणीच बोलत नव्हतं. आम्ही एचपीएलसीवर, म्हणजे द्रवातच घटक वेगळे करणाऱ्या यंत्रावर केलं होतं, त्यात नमुना तापत नाही. त्यांनी गॅस क्रोमॅटोग्राफवर, म्हणजे नमुन्याची वाफ करून घटक वेगळे करणाऱ्या यंत्रावर केलं होतं, आणि त्याचं इंजेक्टर अडीचशे अंशांच्या आसपास असतं. नमुना आत शिरताक्षणीच भाजला जातो, मग ॲसिड दिसणार कुठून? तेव्हापासून रिपोर्ट हातात आला की मी आकड्यांआधी पद्धतीची ओळ वाचतो.

दुधाचं म्हणाल तर काळजी नको. आच कितीही मोठी ठेवली तरी दूध शंभर अंशांच्या फार वर जात नाही, आणि आई तर ते पिण्याइतकं कोमट करून घेत असणार. पाच मिनिटांत फारसं काही बदलत नाही. बासुंदीसारखं तासभर आटवलंत तर मात्र फरक पडेल. लोक इथेच चुकतात. ओव्हन 180 ला लावला म्हणून केकचं पोटही 180 ला गेलं असं धरतात. ते शंभरच्या आसपासच रेंगाळतं. उलट फोडणीचं तेल क्षणात दीडशेच्या पुढे जातं. पदार्थ स्वतः किती तापला आणि किती वेळ, एवढंच बघायचं. 110 अंशांच्या जवळपास टीएचसीए (नशा आणणाऱ्या टीएचसीचं ॲसिड रूप) अर्ध्या तासात बहुतेक संपतं, सीबीडीए त्याहून चिवट, त्याला जास्त वेळ लागतो. अर्क तापवताना आधी ओलावा आणि अल्कोहोल जातं तेव्हा मोठे, आळशी बुडबुडे येतात. मग बारीक फेसाळ फसफस सुरू होते, ती वायूची.

टीएचसीएचं नाव काढलंच आहे तर हेही ऐका. ते नशा आणत नाही, पण तापलं की टीएचसी होतं, आणि गुणक तोच, 0.877. हेम्पच्या तेलात ते थोडंफार असू शकतं. तुमच्या घरात कोणाच्या नोकरीत नशेच्या पदार्थांसाठी लघवीची चाचणी होत असेल, तर त्यांनी या बाटलीपासून लांब राहावं. आपल्याकडे भांगेचं शोधन करतात, पाणी स्वच्छ येईपर्यंत पानं धुवायची, वाळवायची, मग गाईच्या तुपात मंद आचेवर परतायची. वैद्य सांगतात ते कारण दोष काढण्याचं, पण त्या तुपात हीच क्रिया होते.

आता कच्चं चांगलं की तापवलेलं? माझ्या मते प्रश्नच चुकीचा आहे. सीबीडीए म्हणजे 'अर्धवट सीबीडी' नव्हे, ते वेगळं द्रव्य आहे. मळमळीवर त्याचे प्राण्यांवरचे प्रयोग आशादायक आहेत. गुडघ्यांबद्दल ठाम बोलावं असा माणसांवरचा पुरावा मी तरी पाहिलेला नाही, दुकानातलं पत्रक काहीही म्हणो. सीबीडीचं एक शुद्ध औषध अमेरिकेत 2018 मध्ये मंजूर झालं, पण ते अपस्माराच्या दुर्मीळ प्रकारांसाठी. आणि सीबीडी यकृतातल्या एन्झाइमांच्या कामात ढवळाढवळ करतं. आई रक्त पातळ करणारी गोळी घेत असेल, तर तेलाचा आजचा डोस थांबवून (गोळी नव्हे) आधी डॉक्टरांना बाटलीच दाखवा.

बाटली फ्रीजमध्ये, अंधारात ठेवा. ऊन आणि उष्णता लागली की आकडे आपोआप सरकत जातात. दिवाळीला भारतात येताना बॅगेत टाकू नका. आपला 1985 चा अमली पदार्थांचा कायदा टीएचसीच्या टक्केवारीवर नाही, मुख्यतः झाडाच्या भागांवर चालतो. राळ म्हणजे चरस, फुलोऱ्याचे शेंडे म्हणजे गांजा. कस्टम्सच्या खिडकीशी 0.877 समजावत बसायची वेळ येऊ नये.

बाटलीच्या बॅच नंबरचा लॅब रिपोर्ट सापडला तर इथे टाका. त्यात टीएचसीएची ओळ आहे का तेवढं बघून सांगतो.